वनिताबाईंची खरी तारीख

नेकनूरच्या शाळेत परिपाठाला रोज दिनविशेष वाचतात. तो लिहून देण्याचं काम चौथीच्या वनिताबाईंकडे होतं. पाडव्याच्या दुपारी जेवणं उरकून त्या एप्रिलची वही घेऊन बसल्या. सणासाठी धारूरकडच्या खेड्यातून आई-वडील आले होते. आई चतुराबाई शेजारी बसून शेंगा फोडत होती.

"तीन एप्रिल," वनिताबाई लिहिता लिहिता मोठ्यानं वाचत होत्या. "सोळाशे ऐंशी, छत्रपती शिवाजी महाराजांचं निधन. एकोणीसशे चौऱ्याऐंशी, राकेश शर्मा अंतराळात जाणारे पहिले भारतीय."

"म्हंजी आपला मानूस वर आभाळात गेलता तो दिवस का?"

"हो. का गं?"

"आगं, त्याच दिवशी तर तू झालीस!"

वनिताबाईंनी पेन खाली ठेवलं. शाळेच्या दाखल्यावर त्यांची जन्मतारीख एक जून होती. गुरुजींनी तेव्हा गावातल्या निम्म्या पोरांची तीच लावलेली. चाळिशी उलटली तरी खरी तारीख कुणाला ठाऊक असेल, असं त्यांच्या मनातही आलं नव्हतं.

"तुला कसं आठवतं?"

"न आठवायला काय झालं? आदल्या दिवशी पाडवा. गुढीची साखरेची गाठी अजून घरात व्हती. दिवेलागणीला तू झालीस. साखराबाई सुईणीनं ह्यांना गूळ आणाया धाडलं, आन हे गेले ते तिकडचेच झाले!"

खाटेवर पडलेले वडील ज्ञानोबा उठून बसले. "तिकडचा कशाला होईन? आप्पारावच्या रेडिओवर बातम्या लागल्या व्हत्या. म्या वरडत गेलो, पोरगी झाली, पोरगी झाली! तर समदे म्हनले, गप बे, रॉकेट उडालंय! मंग मी बी ऐकत बसलो."

"आन गूळ?"

"इसरलो."

"बघ! आन म्या इथं वाट बघतीया."

वनिताबाई हसत सुटल्या. मग मोबाइलवर चौऱ्याऐंशीचं पंचांग शोधलं. पाडवा दोन एप्रिल, सोमवार. आईचं बोलणं बरोबर निघालं.

"बाबा, इतकी वर्षं सांगितलं का नाही?"

"कुनी इचारलंच न्हाई, माय. गुरुजींनी इचारलं, तवा तारीख कुठली ठावं? रॉकेटाच्या दिवशी झाली म्हनलो. ते म्हनले, कागदावर रॉकेट लिवता येत न्हाई."

नवरा पवन म्हणाला, दाखला दुरुस्त करून घेऊ. वनिताबाईंनी नकारार्थी मान हलवली. नोकरीत इतकी वर्षं झाल्यावर तारीख सहजी बदलून मिळत नाही, आणि कागदावर रॉकेट तसंही लिहिता येत नाही.

पण तीन तारखेला त्या शाळेतून आल्या, तेव्हा घरभर तुपात भाजलेल्या रव्याचा वास होता. आई-वडील मुद्दाम राहिले होते. चतुराबाईंनी लेकीला पाटावर बसवून ओवाळलं. आयुष्यात पहिल्यांदाच आपल्या दिवशी कुणी तरी कुंकू लावत होतं. वनिताबाईंचे डोळे भरून आले, आणि त्यांनी ते पुसलेही नाहीत.

ज्ञानोबांनी शिऱ्याची वाटी पुढं केली. "आनखी थोडा वाढ."

"वाढते. पण आधी सांगा बाबा, पोरगी झाली म्हणल्यावर कुणीच वळून बघितलं नाही?"

"बघितलं की. आप्पाराव बातम्या सरल्यावर म्हनला, ज्ञानोबा, पोरगी झाली म्हनलास न्हवं? चल, दाव."