दोन किल्ल्यांचं कुलूप

मी एक जुनं पितळी कुलूप आहे आणि माझा कोणावरही विश्वास नाही. मित्रांनो, हसू नका. संशय घेण्यावरच माझं पोट चालतं.

माझा जन्म अलीगढच्या एका कारखान्यात झाला. राहात्याच्या बाजारातून बन्सीआबांनी मला आणलं आणि घराच्या दाराला लावलं. माझ्या दोन किल्ल्या होत्या. एक आबांच्या करदोट्याला गेली. दुसरी त्यांनी चक्क शेजारच्या इमामभाई पिंजाऱ्यांना दिली! सख्खा भाऊ पलीकडे राहत असताना परक्याला किल्ली? यात काहीतरी पाणी मुरतंय, असं मला तेव्हापासून वाटत आलं.

भावकीत कोणी वारलं, घरचे सगळे तिकडे गेले, की इमामभाई हमखास यायचे. दुःखात घर बेसावध असतं ना! मला उघडून आत जायचे आणि थोड्या वेळाने बाहेर यायचे. जाताना तेलाचं बोट माझ्या भोकात फिरवायचे. चोर आधी कुलपालाच फितवतो, हे मी जाणून होतो. आत काय चालतं, ते मात्र मला दारावरून दिसत नसे.

यंदा आबाच गेले. त्यांचा नातू करण मोबाईलवर नको नको ते वाचून माझ्याहून संशयखोर झालेला. "आबांनी बी किल्ली कुनाला दिली बघा," असं म्हणत त्याने नवं कुलूप आणून ठेवलं. मला वाईट वाटलं, पण पटलंही.

तिसऱ्या दिवशी सगळे राख सावडायला गेले. इमामभाई आले आणि आत शिरले. तेवढ्यात करण आबांच्या बायकोला, साळूआजीला, मोटारसायकलवर घेऊन लवकर परतला. दार उघडं दिसताच त्याने आत धाव घेतली आणि म्हाताऱ्याला हात धरून बाहेर आणलं.

"चाचा, मूठ उघडा!"

मूठ उघडली. तिच्यात जळकी वात होती.

"सोड त्यांला!" आजी ओरडल्या. "सुतकात आपला हात देवाला चालत न्हाई. तवा आपल्या देव्हाऱ्यात दिवा तेच लावत्यात. त्यांच्यात मयत झाली की चूल पेटत न्हाई, तवा भाकरी आपल्या घरनं जाती. तुझ्या आबानं अन् त्यांनी ठरवलेलं हाय हे."

इमामभाईंनी किल्ली उंबऱ्यावर ठेवली. "नवं कुलूप लाव बाबा," एवढंच म्हणाले आणि निघाले.

करणने किल्ली उचलली आणि तो त्यांच्यामागे पळाला. "चाचा, चुकलं माझं. सुतक अजून लई दिवस हाय. उद्याचा दिवा कोन लावील?"

इमामभाईंनी किल्ली घेतली, पण हसले नाहीत. दुसऱ्या दिवशी मात्र आले.

नवं कुलूप विहिरीवर मोटारीच्या खोलीला गेलं. मी अजून दारावरच आहे. इमामभाईंची किल्ली आत फिरली की सवयीने जरा आखडतो, मग उघडतो.

मित्रांनो, जुन्या कुलपाला अधूनमधून तेलाचं बोट लावत जा. आणि संशयाचं काम आमच्याकडेच राहू द्या. तुम्हीच कुलपं झालात, तर किल्ली ठेवायची कोणाकडे?