खडूची फुली

उस्तादने घरात पाऊल ठेवलं त्याच संध्याकाळी बाईंची पर्स फाडली. पुढच्या आठवड्यात त्यांच्या काळ्या कोटाची उजवी बाही गेली. मग जेवणाच्या टेबलाभोवतीच्या चार खुर्च्यांपैकी नेमकी बाई बसतात त्या खुर्चीची पाठ, मग नवी पर्स, मग नव्या पर्सच्या जागी आणलेली कापडी पिशवी. बाकीच्या तीन खुर्च्यांना त्याने नाक लावलं असेल तर शपथ.

बाई म्हणजे धाकट्याची बायको. शाळेत गणित शिकवता शिकवता त्यांना सगळी गल्ली बाई म्हणायला लागली आणि पुढे नवराही म्हणायला लागला. धाकटा म्हणजे पन्नाशी कधीच ओलांडलेला, पांढऱ्या केसांचा माणूस. पण सोफे-खुर्च्या नव्याने मढवून देणाऱ्या दुकानात दोन भाऊ होते, एक थोरला आणि एक धाकटा, त्यामुळे हा म्हातारा झाला तरी धाकटाच राहणार होता. थोरला तीन महिन्यांपूर्वी गेला. झोपेत गेला, कुणाला काडीचा त्रास दिला नाही. त्रास तो मागे ठेवून गेला, असं बाई म्हणत. लग्न त्याने केलं नव्हतं, तेव्हा मागे उरला तो उस्ताद: तपकिरी, आडदांड, एक कान उभा आणि एक पडलेला.

हे नाव थोरल्यानेच ठेवलेलं, सहा वर्षांपूर्वी त्याला दुकानात आणला तेव्हा. कशावरून ठेवलं, हे विचारायचं कुणाला कधी सुचलं नाही. कुत्र्यांची नावं कशीही असतात.

बाईंना राग फाडण्याचा येत नव्हता, त्यानंतरच्या थाटाचा येत होता. दुसरं एखादं कुत्रं उद्योग करून पलंगाखाली दडी मारतं. उस्ताद चिंध्यांच्या ढिगाशेजारी मान ताठ करून बसायचा आणि येणाऱ्याच्या तोंडाकडे टक लावून बघायचा. ओरडा खाल्ला की हळूहळू त्याचा उभा कानही पडायचा, आणि मग भिंतीकडे तोंड करून तो रात्रभर तसाच. बाईंचं म्हणणं असं की या कुत्र्याने आपल्यावर डूख धरलाय. पुरावा त्यांच्याकडे बाहीसकट होता.

उपाय सगळे करून झाले. रबरी हाड आणलं, ते त्याने हुंगून सोडून दिलं. खुर्चीला लावायचं कडू औषध आणलं, ते त्याने आवडीने चाटलं. दमला की गप्प पडेल म्हणून धाकटा त्याला सकाळ-संध्याकाळ तासभर फिरवायला लागला. त्यात धाकट्याचे गुडघे गेले, उस्ताद तसाच ताजातवाना. शेवटी प्राण्यांच्या डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी दात बघितले, पोट दाबलं आणि प्रकृती उत्तम असल्याचं सांगितलं. धाकट्याचा चेहरा पडला, कारण त्याला निदान एखादा आजार तरी निघेल अशी आशा होती.

"कुत्रं सूड वगैरे घेत नाही," डॉक्टर म्हणाले. "त्याच्या डोक्यात काहीतरी हिशेब असतो, आपल्याला तो दिसत नाही एवढंच. एक करा. तो काय फाडतो ते लिहा, आणि काय फाडत नाही तेही लिहा."

धाकट्याने मापाची वही उलटी करून मागच्या पानावर दोन रकाने आखले. एका बाजूला बाईंच्या वस्तूंची रांग लागली. दुसऱ्या बाजूला घरातलं बाकी सगळं, शिवाय सगळं दुकान. कारण दुकानात उस्ताद दिवसभर गरीब गाय होऊन पडलेला असायचा. आजूबाजूला फोम, काथ्या, कापडाचे गठ्ठे, मऊमऊ सोफे, कुत्र्याला आणखी काय हवं. पण ढुंकून बघायचा नाही. ती वही धाकट्याने बाईंना दाखवली नाही. दाखवली असती तर त्यांचंच खरं ठरलं असतं.

आणि मग गेल्या बुधवारी सहामाहीचे पेपर गेले. एका तुकडीचे अडतीस. बाईंनी ते शाळेतून आणून टेबलावर ठेवले होते, उडू नयेत म्हणून वर फळा पुसायचं डस्टर ठेवलं होतं आणि त्या आंघोळीला गेल्या होत्या. बावीस वर्षांच्या नोकरीत बाईंनी मुलांची एक सबब ऐकून घेतली नव्हती. वही हरवली, पावसात भिजली, धाकट्या भावाने फाडली, काहीही सांगा, बाकावर उभं राहा. त्या बाईंना गुरुवारी वर्गासमोर उभं राहून सांगावं लागलं की तुमचे पेपर कुत्र्याने फाडले. वर्ग हसला नाही. सगळे कसेबसे हसू दाबून बसले, आणि ते जास्त वाईट होतं.

त्या संध्याकाळी बाई ओरडल्या नाहीत. शहराबाहेरच्या गोदामाच्या राखणदाराला दणकट दातांचा कुत्रा हवाय, तो रविवारी दहाला दुकानात येऊन घेऊन जाईल, एवढंच त्यांनी सांगितलं. धाकट्याने विचारलं, तिथे त्याला मोकळं सोडतील का. बाई म्हणाल्या, साखळी लांब आहे म्हणे.

भावाच्या जाण्यानंतर धाकटा रडला नव्हता. कामं होती, माणसं येत होती, मग राहूनच गेलं. दुकानात संध्याकाळी दिवे घालवताना पायाशी ते तपकिरी धूड उठून अंग झटकायचं, तेव्हा त्याला वाटायचं की थोरला अजून पुरता गेलेला नाही. रविवारनंतर तो पुरता जाणार होता.

दुकानाची आतली व्यवस्था सांगायला हवी. पुढची खोली धाकट्याची, मागची थोरल्याची. आलेली खुर्ची धाकटा उलटीपालटी करून बघायचा आणि जेवढं काढून टाकायचं तेवढ्यावर खडूने फुली मारायचा. कुठे बैठक, कुठे नुसता एक हात. मग खुर्ची मागे जायची. थोरला ती उसवून, जुना काथ्या काढून, सांगाडा मोकळा करून पुढे पाठवायचा आणि धाकटा तिला नवं अंग चढवायचा. खडू बाईंच्या शाळेतले, वर्गात उरलेले तुकडे; बाई ते दर महिन्याला डबीत भरून भाऊजींना आणून देत. मधलं दार कायम बंद, कारण उसवताना उडणाऱ्या धुळीने धाकट्याला खोकल्याची उबळ येई. दाराआडून चरचर फाटल्याचा आवाज यायचा आणि मधूनच थोरल्याचा आवाज: "शाब्बास उस्ताद. पुढचं." हा माणूस काम स्वतः करतो आणि शाबासकी कुत्र्याला देतो म्हणून धाकट्याने त्याची किती थट्टा केली असेल. थोरला मिशीत हसायचा, आणि उसवणं हे येरागबाळ्याचं काम नाही असं ऐकवायचा.

थोरला गेल्यापासून धाकटा तोंडाला फडकं बांधून स्वतःच उसवत होता. स्वतःसाठी फुली कशाला मारायची? खडूची डबी तीन महिने फळीवर तशीच होती.

शनिवारी दुपारी दवाखान्याच्या बाहेरच्या खोलीतली एक खुर्ची आली. बैठक धड होती, पाठ धड होती, डावा हात तेवढा फाटलेला. धाकट्याचं लक्ष कामात नव्हतं, रविवारात होतं. हात सवयीने फळीवर गेला, डबी उघडली, खुर्चीच्या डाव्या हातावर फुली मारली आणि खुर्ची मधल्या दाराकडे सरकवून तो पुढच्या कामाला लागलासुद्धा. मग त्याच्या लक्षात आलं की दारापलीकडे कुणी नाही. खडू डबीत टाकून मोरीवर जाऊन त्याने तोंडावर पाणी मारलं. चांगलं पाच-सात मिनिटं मारलं.

परत आला तर खुर्चीचा डावा हात सोललेला होता. कापड शिवणीपर्यंत निघालेलं, काथ्या बाहेर काढून एका जागी ढीग केलेला, लाकडावर दाताचा ओरखडा नाही. पिना तेवढ्या रांगेने उभ्या होत्या. बैठकीला, पाठीला, उजव्या हाताला धक्का लागलेला नव्हता. ढिगाशेजारी उस्ताद मान ताठ करून बसला होता आणि धाकट्याच्या तोंडाकडे बघत होता.

धाकट्याने आयुष्यभर उसवलेल्या खुर्च्या हातात घेतल्या होत्या. हे काम त्याने ओळखलं. गेली सहा वर्षं दाराआडून त्याच्याकडे येत होतं ते हेच काम.

त्याने मधलं दार उघडलं. मागच्या खोलीत मधोमध एक आरामखुर्ची होती, तिच्या शेजारी चहाचा कप आणि सोडवलेल्या शब्दकोड्यांची कंबरेइतकी चळत. तीन महिन्यांत या खोलीत तो दहा वेळा आला असेल, पण कोड्यांचा अर्थ त्याला आज लागला. सहा वर्षं! त्याला हसू यायला लागलं ते आवरेना, आणि हसता हसता जे राहून गेलं होतं तेही झालं. उस्तादने येऊन त्याच्या गुडघ्याला नाक लावलं.

मग त्याने वही काढली. पर्स, कोटाची उजवी बाही, पिशवी, खुर्चीची पाठ, डस्टरखालचे पेपर. बाई कुठल्या हाताने फळ्यावर लिहितात, हे त्याला वेगळं विचारायची गरज नव्हती.

बाईंनी घरी सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि एका उदाहरणाने काही सिद्ध होत नाही, असं म्हटलं. गणिताच्या होत्या. रविवारी सकाळी नऊला त्या स्वतः दुकानात आल्या, एकसारख्या कापडाची तीन जुनी स्टुलं मांडली, एकावर पेन्सिलीने फुली मारली, मधल्यावर खडूने, तिसरं कोरं ठेवलं. नवऱ्याला दंडाला धरून बाहेर नेलं आणि घड्याळ लावून दहा मिनिटं फुटपाथवर उभं केलं.

आत आले तेव्हा मधलं स्टूल उघडं पडलेलं होतं. दुसऱ्या दोन्हींच्या अंगावर सुरकुती नव्हती. बाई तिन्ही स्टुलांभोवती एक फेरी मारून आल्या. उस्ताद ढिगाशेजारी बसून दोघांच्या तोंडाकडे आळीपाळीने बघत होता.

"आता हा कशाची वाट बघतोय?" बाईंनी विचारलं.

धाकट्याला ते ठाऊक होतं.

"शाब्बास उस्ताद," तो म्हणाला. "पुढचं."

पडलेला कान सोडून कुत्र्याचं सगळं अंग हललं. शेपटी स्टुलावर आपटली, स्टूल उलटलं, आणि उस्ताद पुढची खुर्ची शोधायला दुकानभर हुंगत निघाला. तीन महिने हा कुत्रा सांगितलेलं काम चोख करून शाबासकीची वाट बघत बसत होता आणि आपण त्याला दर वेळी झापत होतो, हे बाईंना एकदम कळलं. चांगलं उत्तर लिहिणाऱ्या मुलाला त्यांनी आजवर असं कधी वागवलं नव्हतं. त्यांना फार वाईट वाटलं आणि तसं त्या बोलूनही गेल्या.

दहाला राखणदार साखळी घेऊन आला. बाईंनी त्याला दारातच गाठलं आणि कुत्रा इथे नोकरीला आहे, सोडता येणार नाही, असं सांगून वाटेला लावलं. मग आत येऊन त्या उस्तादसमोर फरशीवर मांडी घालून बसल्या. धाकट्याला वाटलं आपण इथे नसावं, म्हणून तो मागच्या खोलीत गेला आणि पहिल्यांदाच थोरल्याच्या आरामखुर्चीत टेकला. दार त्याने उघडंच ठेवलं. खोकला आला तरी उठला नाही.

बाहेरून बाईंचा हजेरी घेतानाचा आवाज येत होता. पहिली पर्स, शाब्बास. कोट, शाब्बास. खुर्ची, शाब्बास. दुसरी पर्स. पिशवी. एकही वस्तू त्या गाळत नव्हत्या. पेपरांपाशी त्या अडल्या.

"पेपर," त्या शेवटी म्हणाल्या. "शाब्बास उस्ताद. पण पुढचं नको."

धाकट्याने चळतीवरचं शेवटचं शब्दकोडं उचललं. ते अर्धंच सुटलेलं होतं. त्याने कानामागची पेन्सिल काढली आणि दुकानात पुन्हा चरचर फाटल्याचा आवाज सुरू होईपर्यंत आडवे दोन शब्द भरून टाकले.