झुंबरबाईच्या जिभेवर आलेला किडा

मोताळ्याच्या बाजारात त्या दिवशी भाजी तशीच पडून होती आणि माणसं शालिग्रामबुवाभोवती गोळा झाली होती. बुवापुढे मोतीराम बसला होता. मिरच्या घेता घेता त्याचा उजवा हात एकाएकी लुळा पडला, तोंड वाकडं झालं, शब्द फुटेना. त्याची बायको झुंबरबाई थेट बुवाच्या पाया पडली.

बुवानं मोतीरामच्या कानाला पोकळ शिंग लावलं, टोकाला तोंड लावून हवा ओढली आणि तळहातावर काळा, लिबलिबीत किडा थुंकला.

"मेंदूत वारं शिरलं होतं. किडा होऊन बसलं होतं."

वाऱ्याचा किडा कसा होतो, हे कोणी विचारलं नाही. कारण थोड्याच वेळात मोतीरामचा हात हलला, तो बायकोला नावानं हाक मारू लागला. धाकटा दीर पुंजाजी म्हणाला, तरी एकदा बुलढाण्याच्या डॉक्टरला दाखवू. बऱ्या माणसाला सुया कशाला टोचायच्या, म्हणून झुंबरबाईनं ते उडवून लावलं.

पोळा झाला आणि एका सकाळी मोतीराम उठलाच नाही. उजवं अंग मेल्यागत, डोळे उघडे, घशातून नुसती घरघर. गाडी पुन्हा बुवाकडेच गेली. बुवानं एक किडा काढला, दुसरा काढला. हात हलेना. मग त्यानं अंगाऱ्याचं पाणी तोंडात ओतलं. मोतीरामला गिळता येत नव्हतं. ठसका लागून तो काळानिळा पडला. किडे फार आहेत, बुवा म्हणाला, इथंच राहा. ताप चढला, छाती वाजू लागली, तरी झुंबरबाई हलली नाही. दुसरं करणार काय?

एका दुपारी बुवा बाहेर गेला. नवऱ्याचा श्वास अडखळताना तिला पाहवेना. उरलेले किडे आपणच ओढावेत म्हणून तिनं ते शिंग त्याच्या कानाला लावलं आणि जीव खाऊन ओढलं. टोकाला आतून लावलेलं मेण सुटलं, जिभेवर किडा आला.

तो गोड लागला. गुळाच्या पाकात घोळलेला काळा दोरा होता.

"भाऊजी, गाडी जुंपा," ती पुंजाजीला एवढंच म्हणाली.

बुलढाण्याच्या सरकारी दवाखान्यात डॉक्टर इंगळ्यांनी मोतीरामला तपासलं, झुंबरबाईकडून सगळी हकिगत ऐकली.

"मंग पयल्या वक्ताले हात कसा हालला?" तिनं विचारलं.

"मेंदूच्या रक्तवाहिनीत गुठळी अडकली होती, ती आपोआप सुटली. बुवा नसता तरी हात हललाच असता. या खेपेला सुटली नाही. रक्त थांबलं की मेंदूच्या पेशींची ताकद संपते. बाहेरचं मीठ-पाणी त्यांना अडवता येत नाही. त्या फुगतात आणि मरतात. मेलेली पेशी मला परत आणता येत नाही, बाई. कोणालाच येत नाही. आता फुप्फुसात गेलेल्या पाण्याशी झगडायचं."

"तवाच आनलं असतं तं?"

"रक्त पातळ ठेवायचं, रक्तदाबाचं औषध दिलं असतं. कदाचित हा झटका टळला असता. खात्री नाही देता येत."

दसऱ्याआधीच मोतीराम गेला.

पुढे एका बाजाराच्या दिवशी बुवापुढे पुन्हा गर्दी जमली. एका म्हातारीचा पडलेला हात हलू लागला होता आणि तिची सून रडत बुवाच्या पाया पडत होती. झुंबरबाई गर्दीतून आत शिरली, सुनेला दंडाला धरून उठवलं.

"माह्या नवऱ्याचा हातबी असाच हालला होता," ती म्हणाली. "बरा झाला म्हून आमी घरी गेलो. तू जाऊ नोको. डोक्यात किडा नसते, रगत अडकते. हात हालून राह्यला तवरच इले बुलढान्याले ने."

सून बुवाकडे पाहत राहिली. मग तिनं सासूला उठवलं आणि दोघी एसटीकडे चालू लागल्या.