पोकळ करंज्या

शकु गेली त्या वर्षी, म्हणजे चौऱ्याऐंशीला, दिवाळीत आमच्या घरी कढई चढली नाही. माणूस गेल्यावर वर्षाच्या आत घरात तळण करत नाहीत, शेजारी फराळ आणून देतात. मरोळच्या आमच्या चाळीत चौदा बिऱ्हाडं. माझ्याकडे नऊ ताटं आली. खाणारा मी एकटा. बायको प्रेमा चार वर्षांपूर्वीच गेली होती आणि आमची एकुलती शकु चैत्रात काविळीने. दहा वर्षांची होती.

आजारपणात ती एकच मागायची. "बाबा, करंजी दे ना." डॉक्टरांनी तेलकट बंद केलेलं. मी म्हणायचो, "बरी झालीस की देतो." ती बरी झाली नाही. ते "देतो" मला सहा महिने झोपू देत नव्हतं.

शेजारच्या रत्नप्रभावहिनींनी सात करंज्या दिल्या होत्या. त्या मी शकुच्या फोटोसमोर ठेवल्या, दाराला कुलूप लावलं आणि कामावर गेलो. संध्याकाळी एक मोडली, तर आत काही नाही. सातही पोकळ. वरून मात्र धड, मुरड जशीच्या तशी.

ही शकुची खोड. तिला पारी आवडायची नाही. करंजीला भोक पाडून सारण खायची आणि करंजी परत डब्यात ठेवायची. आता फक्त भोक नव्हतं.

मी वहिनींना सांगितलं. त्या कणकवलीच्या. ऐकताच पेटल्या.

"भावजी, माका येडी समाजलात काय? अख्ख्या नारळाचं खोबरं घातलंय त्यात!"

घरातून दोन करंज्या घेऊन आल्या. एक माझ्यासमोर मोडून सारण दाखवलं, दुसरी फोटोसमोर ठेवली. दार ओढून आम्ही बाहेर गॅलरीत उभे राहिलो. पाच मिनिटांनी आत जाऊन त्यांनी ती मोडली. पोकळ.

वहिनींनी पारी उजेडात धरून आतून पाहिली. मग डोळे पुसत हसायलाच लागल्या. "पोरीक माझी करंजी आवडली हो!"

दुसऱ्या दिवशी चाळीतली प्रत्येक बाई करंज्या घेऊन दारात. ज्यांच्या पोकळ निघाल्या त्या मिरवत गेल्या. कोपऱ्यातल्या खोलीतल्या जयंतीच्या तेवढ्या भरलेल्या राहिल्या.

"खोबरं खवट असेल तुझं," तिच्या शेजारचे सीतारामकाका म्हणाले.

"तुम्ही गप्प बसा ना! घरात चहा तरी येतो का करता?" जयंती फणकारली.

मी किती महिन्यांनी हसलो कोण जाणे. पण या करंज्या दुसऱ्यांच्या होत्या. देतो म्हणालो होतो मी.

भाऊबीजेला मी स्टोव्हवर कढई ठेवली. वासाने वहिनी धावत आल्या.

"भावजी, वर्ष झालं नाय अजून!"

"शब्द मी दिलाय वहिनी, चाळीने नाही."

त्यांनी उंबऱ्यावरूनच परातीत डोकावून पाहिलं. मग म्हणाल्या, "निदान पाऱ्या तरी पातळ लाटा." आत मात्र आल्या नाहीत. हे माझं एकट्याचं काम आहे, हे त्यांना कळलं असावं.

तीन करंज्या तेलात फुटल्या. पाच कशाबशा जमल्या, जाड आणि वेड्यावाकड्या. त्या फोटोसमोर ठेवून मी दार ओढून बाहेर आलो. गॅलरीत अख्खी चाळ उभी. माझे हात पिठाने भरलेले होते.

पाच मिनिटांनी दार उघडलं. ताट रिकामं होतं. सारण गेलं होतं, पाऱ्याही गेल्या होत्या, चुरासुद्धा उरला नव्हता.

"एवढ्या कडक पाऱ्या खाल्ल्या पोरीने?" सीतारामकाका पुटपुटले.

"बापाने केलेल्या आहेत," वहिनी म्हणाल्या. "ती नाय टाकायची."

मी भिंतीला टेकून रडलो आणि हसलो, दोन्ही एकदम. जयंतीने कढईजवळची फुटकी करंजी उचलून तोंडात टाकली आणि गाल धरला.

"अहो, दात हलला माझा!"

"मग ठेव खाली," मी म्हणालो.

"ठेवते कशाला? दुसरी द्या."

बाकीच्यांनीही हात पुढे केले. परातीत अजून पीठ होतं. मी स्टोव्हला पंप मारला आणि पुन्हा लाटायला बसलो.