शरच्चंद्राचे तीन आजार

एकावन्न साली आमच्या स्नेहलतागंजातला शरच्चंद्र इंटर सायन्स पास झाला आणि पंधरवड्यात तीनदा आजारी पडला. तिन्ही आजार त्याने विचारपूर्वक निवडले होते.

डॉक्टरकीच्या अर्जाला दोन जुन्या डॉक्टरांच्या शिफारशी लागत. शरच्चंद्राचे वडील संस्थानी दप्तरातले पेन्शनर, डॉक्टरांशी ओळख शून्य. आणि धडधाकट माणसाला कंपाउंडर आत सोडत नाही. म्हणून पठ्ठ्याने पुस्तकातली लक्षणे घोकली. गजाननरावांकडे मधुमेह नेला, अच्युतरावांकडे यकृत, बाळकृष्णपंतांकडे हृदय. तिघांनीही नुसते ऐकून निदान केले. शिफारशीचे काढताच उत्तरही तिघांचे एकच, "आधी बरा हो, मग पाहू."

अर्ज शनिवारी द्यायचा होता. गुरुवारी राजवाड्यामागे अरुंधतीबाईंच्या नातवाची मुंज. पंगतीत तिन्ही डॉक्टर शेजारी शेजारी आणि नेमका समोरच्या रांगेत शरच्चंद्र. वाढायला मी.

जिलबी घेऊन त्याच्यापुढे वाकलो, तोच गजाननराव म्हणाले, "त्याला नको. मधुमेह आहे."

भजी आणली. "तळलेलं बिल्कुल नाही," अच्युतराव म्हणाले. "यकृत सुजलंय त्याचं."

"लोणचं-पापडही उचला," बाळकृष्णपंत म्हणाले. "हृदयाला मीठ वाईट."

मग तिघे एकमेकांकडे बघायला लागले. पत्रावळीवर उरला कोरडा भात.

"भिया," मी शरच्चंद्राला हळूच विचारले, "पाणी तरी वाढू, की त्याचेही डॉक्टर आलेत?"

"तुला नेमकं झालंय काय?" बाळकृष्णपंतांनी दरडावले.

शरच्चंद्र भात चिवडत म्हणाला, "काही नाही, डॉक्टरसाहेब. शिफारस पाहिजे होती."

आजूबाजूचे घास हातातच राहिले. मी वाढता वाढता माणसे जोखतो. तिन्ही चेहऱ्यांवरचा हिशेब मला स्वच्छ वाचता आला. ठणठणीत पोरात तीन रोग सापडले, ही गोष्ट संध्याकाळपर्यंत सराफ्यात पोचणार. पोरगा बाहेर राहिला तर जन्मभर सांगत सुटेल. आपल्यातलाच झाला, तर झाकून ठेवील.

"लक्षणं मात्र चोख सांगितलीस हो," गजाननराव घसा साफ करत म्हणाले. "अहो, जिलबी वाढा त्याला."

त्याने सात खाल्ल्या.

शुक्रवारी शिफारशी घरपोच आल्या. हव्या होत्या दोन, आल्या तीन. आणि तिन्हींची सुरुवात एकाच वाक्याने: सदर विद्यार्थ्याची प्रकृती उत्तम असून त्यास पूर्वी कधीही कोणताही आजार झालेला नाही.