कड सोडून कापा

मित्रांनो, क्षणभर डोळे मिटा. कल्पना करा, की तुम्ही एका अंधाऱ्या ड्रॉवरमध्ये पडला आहात. शेजारी तुटकी बटणे आहेत, सुयांची डबी आहे, झिजलेला खडू आहे. बाहेर बेर्शेबाचे कडक ऊन आहे, पण ते तुमच्यापर्यंत पोहोचत नाही. कुणीतरी ड्रॉवर उघडेल, एवढीच वाट तुम्ही पाहता आहात. आले का डोळ्यांपुढे? मी कितीतरी वर्षे तिथेच होते. मी एक जुनी कात्री आहे.

माझा जन्म मेरठचा. तिथल्या कारागिराने माझी पाती तापवली, ठोकली, दगडावर घासली आणि त्यांना पितळी मुठी जोडल्या. पुढे ठाण्याच्या बाजारात फ्लोरा नावाच्या तरुण मुलीने मला विकत घेतले. ती बायकांचे कपडे शिवत असे. तिच्या हाती मी पोलकी कापली, परकर कापले, शाळेचे गणवेश कापले. "फ्लोराच्या कटिंगला तोड नाही," असे लोक म्हणत, तेव्हा मलाही वाटे की त्यात थोडी वाटेकरी मीही आहे.

फ्लोरा मराठी ज्यू होती. मग ती आपल्या माणसांबरोबर इस्राएलला निघाली. ट्रंकेत माझ्यासाठी जागा नव्हती, तेव्हा तिने दोन साड्या काढून ठेवल्या आणि मला आत घातले. बेर्शेबात आम्ही दोघींनी आणखी वीस वर्षे काम केले. पण तयार कपडे स्वस्त झाले. फ्लोराची आजी झाली. शिवणयंत्रावर फुलदाणी आली आणि मी ड्रॉवरमध्ये गेले.

मला बाहेर काढले ते एका वर्तमानपत्राने. इथे शुक्रवारी जाडजूड पुरवण्या येतात. त्या काळी, म्हणजे नव्वदचे दशक संपत आले होते तेव्हा, त्यांत दुकानांची कूपने छापलेली असत. कूपन कापून नेले, की एखादी वस्तू स्वस्त मिळे किंवा एकावर एक फुकट मिळे. फ्लोराआजीच्या हे ध्यानात आले आणि दर शुक्रवारी मला काम मिळू लागले. शब्बाथ, म्हणजे शुक्रवारी सूर्यास्ताला सुरू होणारा विसाव्याचा दिवस, लागला की कापणे, शिवणे सगळे बंद. त्यामुळे मेणबत्त्या लावण्याआधी आमची घाई असे. वाचायला वेळ नसे. शिवाय आजीला हिब्रू बोलता येई, पण बारीक अक्षर वाचायचा तिला कंटाळा होता. वस्तूचे चित्र पाहायचे, कापायचे आणि उरलेला कागद टाकून द्यायचा.

आता इथेच ती चूक होत होती. कापड कापताना शिंपी कडेने माया सोडतो, म्हणजे शिवायला जागा राहते. पण मापाचा कागदी फर्मा तो अगदी रेघेवर कापतो. आजीने आयुष्यभर फर्मे कापले होते. कूपनही ती तसेच कापी, चित्राच्या रेघेला धरून, सुबक. खालची बारीक अक्षरांची पट्टी बाहेर जाई. एक-दोन वेळा दुकानात कुणी कटकट केली नाही, म्हणून तिला ते कळले नव्हते.

त्या वर्षी आजीचा नातू एलियोर सैन्यातली सक्तीची तीन वर्षे पुरी करून घरी यायचा होता. तो सुखरूप परत आला तर एलियाहू हन्नाबीचा, म्हणजे एलिया प्रेषिताचा, मलिदा करीन, असा आजीचा नवस होता. मलिदा म्हणजे गोड कालवलेले पोहे. त्यात नारळ, वेलची, बदाम, मनुका घालायचे आणि वर फळे मांडायची. पाहुणे बरेच येणार होते.

"आई, सामान मी आणतो ना," तिचा मुलगा बेनी म्हणाला.

"नवस माझा आहे," आजी म्हणाली. "तो माझ्या पेन्शनीतूनच फिटायला हवा. तू खुर्च्या उचल."

त्या शुक्रवारच्या पुरवणीत बदामांचे कूपन होते. एका पाकिटावर दुसरे फुकट. आजीने ते कापले, मला पिशवीत टाकले आणि रविवारी नातीला, चौथीतल्या ओरिटला, घेऊन ती मोठ्या दुकानात गेली. दारावर उझी नावाचा पहारेकरी पिशव्या तपासत असे. दर वेळी मी त्याच्या हाती लागे.

"साफ्ता, पुन्हा कात्री?" त्याने हिब्रूत विचारले. साफ्ता म्हणजे आजी.

"तुझी दाढी वाढली आहे, म्हणून आणली," आजी म्हणाली. उझीने हसत आम्हाला आत सोडले.

पण गल्ल्यावरच्या नओमीने कूपन उलटसुलट पाहिले आणि परत दिले. "मामी, हे चालणार नाही. याच्यावर तारीख नाही, नियम नाहीत, खालच्या रेघाच नाहीत. मी यंत्रात काय घालू?"

हिब्रूत मामी हा लाडाचा शब्द आहे, आणि नओमी सगळ्यांनाच तसे म्हणत असे. एरवी आजी म्हणायची, "मी हिची मामी कधी झाले गं?" त्या दिवशी तिने वळून मागे पाहिले. मागे मोठी रांग होती. कुणीतरी घड्याळ पाहिले. ओरिट दोन पावले सरकून च्युइंगगमची पाकिटे पाहू लागली, जणू ती या बाईंबरोबर आलेलीच नव्हती. आजीने बदामांची दोन्ही पाकिटे परत ठेवली.

घरी आल्यावर तिने मला ड्रॉवरमध्ये टाकले. "झालं आता हे कटिंग," ती म्हणाली. "बदाम नसले तर नसले. बेनीला सांगते, पाहुणे कमी बोलव."

मला वाटले, पुन्हा अंधार आला.

ओरिट त्या संध्याकाळी खाली गेली. जिन्याखाली इमारतीतल्या सगळ्यांच्या जुन्या वर्तमानपत्रांचा डबा होता. त्यातून तिने त्याच पुरवणीची ती पाने शोधून काढली. दोन पाने मिळाली. ती घेऊन ती आजीजवळ बसली आणि हिब्रूत भराभर वाचू लागली.

"अगं, आगगाडी आहेस का? मराठीत सांग," आजी म्हणाली.

ओरिटचे मराठी मोडकेतोडके होते. "आजी, इथे लिहिला आहे, गुरुवारपर्यंत. मग बंद. आणि शंभर शेकेलच्या वर घ्यायचा. पण दूध आणि पाव मोजत नाही."

"का मोजत नाही? फुकट देतात की काय?"

"त्याचा भाव सरकार ठरवते. म्हणून. आणि दुसऱ्या सवलतीबरोबर नाही. आणि एका घराला एकच."

"दोन पानं आणलीस ना? मग तू वेगळी लाईन लाव. तू वेगळं गिऱ्हाईक."

"आजी, आपला घर एकच आहे."

"लबाडी कुठे करतेय मी? नुसतं विचारलं," असे म्हणत आजीने दुसरे पान घडी घालून आपल्या पिशवीत ठेवले. चांगला कागद टाकवत नाही, हा तिचा जुना स्वभाव.

मग ड्रॉवर उघडला. आजीने मला ओरिटच्या हातात दिले आणि तिचा हात धरला. "रेघेवर कापू नको. कडेला बोटभर माया सोड. मला वाटलं होतं, कागदाला कशाला लागते."

मित्रांनो, कूपन म्हणजे दुकानाने दिलेला शब्द असतो. पण तो पुरा ऐकावा लागतो. चित्र मोठ्याने बोलते आणि नियम हळू बोलतात. कधीपर्यंत, कितीच्या खरेदीवर, काय धरायचे, काय नाही, कितीदा, हे सगळे तो हळू आवाज सांगत असतो. मी लोखंडाची असून मला हे समजले, मग तुम्हाला का नाही समजणार?

गुरुवारी आम्ही पुन्हा निघालो. दारावर उझी म्हणाला, "दाढी कालच केली, साफ्ता." दुकानात आजी वस्तू टाकत होती आणि ओरिट कागदावर बेरीज करत होती. दूध आणि पाव तिने वेगळे धरले. बेरीज शंभराच्या थोडी खाली राहिली. आजीने भलामोठा शाम्पू उचलला.

"आजी, आपल्याला शाम्पू हवा आहे का?"

"नको आहे. पण शंभर पुरे होतात."

"तांदूळ संपला आहे घरी."

आजीने शाम्पू जागेवर ठेवला आणि तांदूळ घेतला. म्हणाली, "बाईसारखी बोलायला लागलीस गं."

गल्ल्यावर नओमीने कूपन हातात घेतले. खालची पट्टी वाचली, यंत्रावरचा आकडा पाहिला, कूपन आत सरकवले. आजी माझी मूठ पिशवीतून घट्ट धरून उभी होती.

"या वेळी बरोबर आहे, मामी," नओमी म्हणाली. बदामांची दोन्ही पाकिटे पिशवीत आली, माझ्या अगदी शेजारी. मलिद्याचे पाहुणे कमी होणार नव्हते. आजीने मोठा श्वास सोडला आणि नओमीला मराठीत विचारले, "मी तुझी मामी, मग तुझा मामा कोण?" नओमीला काही कळले नाही, पण तीही हसली.

आज माझी पाती थोडी बोथट झाली आहेत, पण मी ड्रॉवरमध्ये नाही. स्वयंपाकघरात खिळ्याला टांगलेली असते. आठवड्यातून एकदा मला पुसतात, महिन्यातून एकदा तेलाचा थेंब देतात. तुमच्या घरीही असे एखादे जुने अवजार पडले असेल. त्याला बाहेर काढा, पुसा, कामाला लावा. आणि कुठलाही कागद कापण्याआधी शेवटच्या ओळीपर्यंत वाचा. एवढेच माझे मागणे आहे. त्या गुरुवारचे थोडे राहिले आहे, ते सांगून थांबते.

आम्ही पिशव्या उचलत होतो, तेव्हा आमच्या मागे एक म्हातारी रशियन बाई होती. तिला हिब्रू जेमतेम येत होते. तिने बदामांची दोन पाकिटे आणि एक कूपन पुढे केले. कूपन फार सुबक कापलेले होते, अगदी रेघेवर. नओमीने मान हलवली. बाईने सामानाने भरलेल्या आपल्या ढकलगाडीकडे पाहिले, मग रांगेकडे, आणि पाकिटे उचलून परत ठेवायला वळली. कूपनाचा तो शेवटचा दिवस होता.

ओरिट या वेळी च्युइंगगमकडे सरकली नाही. ती नओमीला म्हणाली, "एक मिनिट थांब." मग तिने आजीच्या पिशवीत हात घातला, घडी घातलेले दुसरे पान काढले आणि मला काढले. सगळ्या रांगेसमोर ते पान तिने गल्ल्यावर पसरले, आणि चारही बाजूंनी बोटभर जागा सोडून सावकाश कापायला सुरुवात केली.