गुडघ्यांचे फुगे

घरून ऑफिसचं काम करताना जीन्स कमरेला काचायची, म्हणून मी टी-शर्टच्या ताणल्या जाणाऱ्या कापडाची घेरदार पॅन्ट शिवली. शिलाई मशीन सारखं टाके सोडत होतं. गोल टोकाची सुई लावली तेव्हा कुठे ते ताळ्यावर आलं.

नवऱ्याने दारातूनच पाहून घेतलं. "एका पायात आपण दोघं मावू," तो म्हणाला. मग सासूबाईंना हाक मारून बोलावलं. "आई, सुनेने तंबू शिवलाय. पाहुण्यांची झोपायची सोय झाली." सासूबाई तोंडाला पदर लावून हसल्या. मी कमरेत इलास्टिक ओवत राहिले.

मंगळवारी मला ऑफिसला जावं लागलं; नवरा आणि सासूबाई घरीच होते. जाताना मी धुतलेली पॅन्ट घडी करून कपाटात ठेवली होती. संध्याकाळी येऊन ती चढवली आणि आरशासमोर थबकलेच. या कापडाची एक खोड असते. दिवसभर बसलं की गुडघ्यांवर फुगे येतात आणि धुईपर्यंत जात नाहीत. फुगे आले होते, पण माझ्या गुडघ्यांच्या चांगली चार बोटं खाली. सासूबाई तर जेमतेम माझ्या खांद्याला लागतात.

मी टेप घेऊन नवऱ्यासमोर उभी राहिले. "ऊठ, माप घेते."

"कशाचं?"

"तंबूचं."

तो उठला आणि हात वर करून उभा राहिला.

"खिसे तेवढे खोल ठेव," तो म्हणाला. "तुझ्या तंबूतून मोबाइल सारखा पडतो."